पिक्सेल जाळी परिणाम

संगणकाच्या पडद्याकडे अगदी जवळून पाहिले की चित्रावर काळ्या रेघांची बारीक जाळी पसरलेली दिसते. तिला पिक्सेल जाळी परिणाम म्हणतात. दाराच्या डासजाळीतून बाहेर पाहिल्यासारखे हे दृश्य असल्याने ‘स्क्रीन डोअर इफेक्ट’ हे नाव रूढ झाले. हा बिघाड नव्हे. पडद्याची रचनाच तेथे डोळ्यांना दिसू लागलेली असते.

एलसीडी पडद्याला मागून दिव्याचा प्रकाश मिळतो. त्यावरचा प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्र घडवणारा बारीक ठिपका, सहसा लाल, हिरव्या व निळ्या अशा तीन उभ्या सबपिक्सेलचा असतो. प्रत्येक सबपिक्सेलला स्वतःचा ट्रान्झिस्टर (सूक्ष्म विद्युत स्विच) लागतो आणि त्याला जोडणाऱ्या तारा पडद्यावर आडव्या-उभ्या धावतात. ही जागा प्रकाश देत नाही. तेथून नको तो प्रकाश झिरपू नये म्हणून तिच्यावर ब्लॅक मॅट्रिक्स नावाचा काळा थर असतो. जाळी दिसते ती मुख्यतः याच थराची. ओएलईडी पडद्यात ठिपके स्वतःच प्रकाशतात, मागचा दिवा नसतो, तरी प्रकाशणाऱ्या ठिपक्यांमध्ये अंतर राहतेच. त्यामुळे सेटिंग बदलून जाळी जात नाही.

जाळी कोणाला, किती अंतरावरून दिसेल हे रिझोल्यूशनच्या, म्हणजे पिक्सेलच्या संख्येच्या, आकड्यावरून एकट्याने ठरत नाही. एक पिक्सेल डोळ्याशी किती कोन करतो यावर ते अवलंबून असते. सामान्य निरोगी दृष्टीला सुमारे १ कला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा, तपशील ओळखता येतो. जाळीच्या एका घरात उजळ भाग आणि काळी रेघ अशी जोडी असते, म्हणून ते घर साधारण २ कलांएवढे झाले की जाळी उमटू लागते. १९२० × १०८० पिक्सेलच्या २४ इंची मॉनिटरवर दोन पिक्सेलमधले अंतर सुमारे ०.२८ मिलिमीटर असते, तेव्हा ही मर्यादा ४८ सेंटिमीटरच्या आसपास येते. तेवढेच पिक्सेल २७ इंचांत पसरले तर ती ५३ सेंटिमीटरवर जाते, म्हणजे टेबलावरच्या नेहमीच्या अंतराला भिडते. या मापाच्या मॉनिटरबद्दल तक्रारी का येतात ते यातून कळते. २७ इंची ४के (३८४० × २१६० पिक्सेल) पडद्यावर मात्र २७ सेंटिमीटरपर्यंत जवळ जावे लागते. तीक्ष्ण नजरेला जाळी याहून दुरून दिसते. उलट रेघा बारीक व फिक्या असतील तर आणखी जवळ जावे लागते.

पडद्यावर काय आहे यानेही फरक पडतो. पांढऱ्या किंवा फिक्या एकरंगी पृष्ठभागावर जाळी चटकन जाणवते, गजबजलेल्या छायाचित्रात ती हरवते. शुद्ध लाल रंगात तीनपैकी एकच सबपिक्सेल पेटतो आणि मधले दोन काळे राहतात, म्हणून तेथे उभे पट्टे ठळक होतात. तिरप्या रेषांच्या कडांवर दिसणाऱ्या पायऱ्या ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्या पिक्सेलच्या चौकोनी आकारामुळे पडतात आणि जाळी दिसेनाशी होते त्या अंतरावरूनही जाणवतात, कारण दोन कडांमधला किंचितसा सरकाव डोळा १ कलेपेक्षा कितीतरी बारकाईने ओळखतो. पायऱ्या सॉफ्टवेअरने सौम्य करता येतात. मॉनिटर निवडताना हा भेद लक्षात ठेवायलाच हवा.

व्हीआर हेडसेटमध्ये, म्हणजे आभासी दृश्य दाखवणाऱ्या, डोळ्यांवर बांधायच्या उपकरणात, भिंग पडद्याला मोठे करते, म्हणून तेथे हा दोष सर्वांत तीव्र ठरला. २०१३ च्या ऑक्युलस रिफ्ट डीके१ मध्ये एका डोळ्याच्या वाट्याला ६४० × ८०० पिक्सेल येत, म्हणजे दृष्टिक्षेत्राच्या एका अंशात जेमतेम सात. जाळी कमी करण्याचे मार्ग तीन: पिक्सेल दाट करणे, त्यांचा उजळणारा भाग वाढवणे, किंवा प्रकाश थोडा पसरवून रेघा बुजवणे. तिसरा मार्ग सॅमसंगने २०१८ च्या ओडिसी प्लस हेडसेटमध्ये वापरला. त्यात जाळी खरोखर विरते, पण बारीक अक्षरांची धारही थोडी बोथट होते.