पार्श्वभूमी: सांतानाचा नो-हिटर आणि १३४ पिचेसचा जुना वाद

‘त्या एका रात्रीने त्याचा खांदा खाल्ला’ हे योहान सांतानाबद्दल न्यूयॉर्कच्या मेट्स या बेसबॉल क्लबच्या फॅन्सकडून इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी ते तपासायच्या भानगडीत पडत नाही. १ जून २०१२, सिटी फील्ड, समोर आदल्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकलेले सेंट लुईसवाले, स्कोर ८-०, आणि पिचर सांतानाच्या १३४ पिचेस, म्हणजे बॅटरकडे टाकलेले बॉल. १९६२ पासून खेळणाऱ्या क्लबचा हा पहिला नो-हिटर (अख्ख्या मॅचमध्ये समोरच्यांना एकही हिट, म्हणजे फटका मारून गाठलेला बेस, न देणं), तो पण ८,०२० व्या मॅचमध्ये. मधल्या काळाबद्दल फार बोलण्यासारखं नाही: १९६९ मध्ये मेट्सच्या एका पिचरचा परफेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर पोहोचत नाही अशी मॅच) नवव्या इनिंगमध्ये एका नवख्या पोराने मोडला, आणि क्लब सोडून गेलेल्या बऱ्याच पिचर्सनी दुसरीकडे जाऊन नो-हिटर टाकले, त्यातल्या एकाने तर तब्बल सात.

सांतानाचं करिअर मात्र नीट बघायला हवं कारण २०१२ च्या गडबडीत ते मागे पडतं. व्हेनेझुएलाच्या तोवार गावचा पोरगा, डावखुरा, सुरुवातीला सेंटर फील्डर. १९९९ च्या रूल ५ ड्राफ्टमध्ये (दुसऱ्या क्लबने राखून न ठेवलेले खेळाडू उचलायची निवड) ह्यूस्टनने त्याला वाचवला नाही, फ्लोरिडाने उचलला आणि लगेच मिनेसोटाशी अदलाबदल केली, वरून मिनेसोटाला ५०,००० डॉलर पण मिळाले, म्हणजे पुढे दोन साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) जिंकणारा माणूस घेतला आणि पैसे पण घेतले! पहिली काही वर्षं बुलपेनमध्येच, म्हणजे राखीव पिचर म्हणून गेली. २००२ मध्ये ट्रिपल-ए या खालच्या लीगला पाठवला, तिथे चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा पण हळू येणारा बॉल) घोटून घेतला आणि तो बॉल घेऊन परत आल्यावर बॅटर्सचे हाल सुरू झाले. २००४ मध्ये २०-६ (२० विजय, ६ पराभव), २६५ स्ट्राइकआऊट (बॅटरला बॉल चुकवून बाद करणं), ऑल-स्टार ब्रेकनंतर, म्हणजे सीझनच्या मधल्या सुट्टीनंतर १३-०. २००६ मध्ये विन्स, ईआरए (दर नऊ इनिंग्समागे पिचरच्या खात्यावरचे रन, जितके कमी तितकं चांगलं), स्ट्राइकआऊट तिन्हीत पहिला. मधल्या २००५ चा साय यंग पण त्याचाच होता असं माझं ठाम मत आहे, पण तेव्हा मतदार दुसऱ्याच्या २१ विन्स बघून भुलले.

२००८ च्या सुरुवातीला मेट्सकडे ट्रेड, ६ वर्षांचे १३७.५ मिलियन डॉलर, आणि न्यूयॉर्क. त्या सप्टेंबरमध्ये त्याने एका मॅचला १२५ पिचेस टाकल्या, मग फक्त तीन दिवसांच्या विश्रांतीवर परत येऊन फाटलेल्या गुडघ्याने फ्लोरिडाविरुद्ध शटआऊट (एकही रन न देता पूर्ण मॅच) टाकला. त्याबद्दल कुणी मॅनेजरला झोडपलं नाही हे लक्षात ठेवा.

सप्टेंबर २०१० मध्ये डाव्या खांद्याच्या पुढच्या बाजूची कॅप्सूल (सांध्याभोवतीचं आवरण) फाटली म्हणून ऑपरेशन झालं. कोपराच्या ऑपरेशननंतर पिचर परत येतात, त्याची आता सवय झालीय, पण खांद्याची कॅप्सूल म्हणजे वेगळंच प्रकरण, तिथून पूर्वीसारखा परत आलेला पिचर शोधावा लागतो. २०११ चा सीझन पूर्ण गेला. २०१२ मध्ये तो परत उभा राहिला तेव्हा फास्टबॉलचा वेग गेलेला होता आणि सगळा कारभार चेंजअपवर चाललेला.

आता ती मॅच. मॅनेजरच्या डोक्यात ११०-११५ पिचेसची मर्यादा होती. पाच वॉक (चार चुकीचे बॉल टाकल्यावर बॅटरला मिळणारा फुकटचा बेस) दिल्यामुळे आकडा भराभर चढला, मर्यादा ओलांडली गेली, आणि तरी त्याला काढलं नाही. का नाही काढलं? पन्नास वर्षं वाट बघणारं स्टेडियम, मैदानात सांताना आणि तो स्वतः बाहेर यायला तयार नाही, अशा वेळी डगआऊटमधून जाऊन त्याच्या हातातला बॉल कोण काढून घेणार होतं? शेवटचा बॅटर स्ट्राइकआऊट झाला, सगळे नाचले, आणि मॅनेजर मात्र मॅचनंतर पाच दिवसांनी या खांद्याचं काय होईल याच विचारात दिसत होता.

टीकाकारांचं गणित सोपं आहे: त्या रात्री ईआरए २.३८, सीझनच्या शेवटी ४.८५. पुढच्याच मॅचला यांकीजने चार होमरन मारले. झालं, निकाल लागला. पण मधलं कुणी बघत नाही. जूनच्या शेवटी त्याने डॉजर्सविरुद्ध ८ इनिंग्समध्ये एकही रन दिला नाही, म्हणजे १३४ पिचेसनंतर महिनाभराने. खरी घसरगुंडी जुलैत सुरू झाली, ती पण पहिल्या बेसवर कव्हर करताना समोरच्याचा पाय त्याच्या उजव्या घोट्यावर पडला त्यानंतर. मुरगळलेल्या पायावर जोर देऊन बॉल टाकला की ताण खांद्यावर येतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही फास्ट बॉलरला विचारा. ऑगस्टमध्ये पाठ धरली आणि सीझन संपला. एप्रिल २०१३ मध्ये त्याच कॅप्सूलचं दुसरं ऑपरेशन. १३४ पिचेसचा काहीच परिणाम झाला नाही असं मी म्हणत नाही, पण एकदा फाटून शिवलेला खांदा होता तो, त्याचा सगळा हिशोब एका रात्रीच्या नावावर टाकणं मला पटत नाही.

दुसरा वाद छोटा. सहाव्या इनिंगमध्ये सेंट लुईसच्या बॅटरचा, जो आधी मेट्सकडेच होता, एक फटका तिसऱ्या बेसच्या पलीकडे लाइनवर पडला, चॉकवर खूण दिसत होती, अंपायरने फाउल (रेषेबाहेर) दिला, नाहीतर तो हिट ठरला असता. रिप्ले तेव्हा फक्त होमरनसाठी होता, बाकी निर्णयांसाठी तो २०१४ ला आला. सातव्यात डावीकडच्या फील्डरने भिंतीवर आदळून कॅच घेतला आणि स्वतः जखमी होऊन बसला, त्यामुळे नशीब आणि मेहनत दोन्ही होतंच. दोनच वर्षं आधी डेट्रॉइटमध्ये उलटं झालेलं, शेवटच्या आऊटला अंपायर चुकला आणि परफेक्ट गेम गेला, तेव्हा सगळे त्या पिचरसाठी हळहळले होते.

सांताना मेजर लीगमध्ये परत कधीच आला नाही. २०१४ मध्ये बाल्टिमोरकडे अकिलीस टेंडन तुटला, २०१५ मध्ये टोरांटोकडे पायाच्या बोटाला इन्फेक्शन. २०१८ च्या हॉल ऑफ फेमच्या मतदानात २.४ टक्के मतं मिळाली आणि ५ टक्क्यांच्या खाली म्हणून नाव पहिल्याच वर्षी यादीतून उडालं, १३९-७८ आणि ३.२० ईआरएवाल्या माणसाचं.

मॅनेजर लोक मात्र त्यानंतर बदलले. २०१६ मध्ये डॉजर्सच्या एका नव्या पिचरला, कोपराचं ऑपरेशन झालेल्या, पहिल्याच मॅचमध्ये नो-हिटर चालू असताना आठव्या इनिंगमध्ये १०० पिचेसवर काढलं. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनीच आपल्या सगळ्यात मोठ्या डावखुऱ्याला परफेक्ट गेम चालू असताना सात इनिंग्सनंतर ८० पिचेसवर बसवलं, आणि तेही मिनेसोटाच्या मैदानावर. त्याच महिन्यात मेट्सचा दुसरा नो-हिटर झाला, फिलाडेल्फियाविरुद्ध, पाच पिचर्सनी मिळून, एकूण १५९ पिचेस. कुणाच्या खांद्याचा प्रश्नच आला नाही.