घाटात तापते की सिग्नलला?

मे महिन्यातली दुपार. गॅसवर एक जुनं पातेलं, त्यात पाणी, आणि पाण्यात सुतळीने टांगलेला मुठीएवढा धातूचा भाग. शेजारी थर्मामीटर. त्या भागावर 82 हा आकडा उमटवलेला होता. पाणी 82 अंशांवर गेलं, काही झालं नाही. 88 झाले, 90 झाले, झडप बंदच. 95 ला कडेने केसाएवढी फट पडली आणि तेवढ्यावरच थांबली. आमची गाडी कसारा घाटात का तापत होती, ते त्या फटीवरून कळलं.

तो भाग म्हणजे थर्मोस्टॅट. त्याच्या पोटात मेण भरलेलं असतं. ठरलेल्या तापमानाला मेण वितळतं, वितळताना फुगतं आणि आतली दांडी ढकलतं. झडप उघडते, मग इंजिनातलं गरम कुलंट, म्हणजे उष्णता वाहून नेणारं द्रव, ते गार करणाऱ्या पुढच्या जाळीकडे, रेडिएटरकडे, निघतं. इंजिन थंड असेपर्यंत रस्ता बंद आणि तापलं की खुला, एवढं काम हे मेण वर्षानुवर्षं विजेशिवाय करतं. मला या भागाचं फार कौतुक आहे. म्हणूनच गॅरेजमध्ये जेव्हा ‘थर्मोस्टॅट काढूनच टाका, आपल्याकडे त्याची गरज नसते’ असं सांगितलं, तेव्हा मी तो उकळून बघायचं ठरवलं. थर्मोस्टॅट काढला की गाडी सहसा तापत नाही हे खरं, पण मग ती नीट गरमही होत नाही. थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं आणि झिजतंही जास्त.

इंजिनात उष्णता किती असते बघा. पेट्रोल जळताना सिलिंडरमधला वायू क्षणभर 2000 अंशांच्या वर जातो. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, आणि आजच्या बहुतेक इंजिनांचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ॲल्युमिनियमच्याच मिश्रधातूचं असतं. ढोबळमानाने पेट्रोलमधली तिसरा हिस्सा ऊर्जा गाडी ओढण्याच्या कामी येते, तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून जातो आणि जवळपास तेवढीच उष्णता कुलंटला उचलून न्यावी लागते. घाट चढताना इंजिन 30 किलोवॉट ताकद देत असेल, तर कुलंटवरही तेवढाच भार येतो. घरातला गीझर 2 किलोवॉटचा धरा. म्हणजे पंधरा गीझर एकाच वेळी चालू.

म्हणून गाडी तापू लागली की पहिला प्रश्न ‘कधी तापते?’ हा विचारायचा. बॉनेट त्यानंतर उघडायचं.

सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्याला लागलं की उतरतो? मग संशय पंख्यावर. गाडी पळत असताना समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो, उभ्या गाडीला पंख्याशिवाय दुसरा आधार नाही. गाडी चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत रेडिएटरमागचा पंखा लगेच फिरायला लागतो. नाही फिरला तर आधी फ्युज बघा, मग रिले (पंखा चालू करणारा स्विच), मग मोटर. फ्युज बदलायला दहा रुपयांचं काम असू शकतं. हात मात्र पंख्यापासून लांब ठेवा, काही गाड्यांत तो चावी बंद केल्यावरही अचानक फिरतो.

उलट, गावात ठीक आणि घाटात किंवा हायवेला वेगात तापत असेल, तर कुलंट पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता टाकत नाही. थर्मोस्टॅट अडकलेला, वॉटर पंप गेलेला किंवा रेडिएटरच्या नळ्या आतून क्षारांनी भरलेल्या. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं की किटलीच्या तळाला बसतो तसाच पांढरा थर तिथेही बसतो. म्हणून तयार कुलंट नाहीतर डिस्टिल्ड वॉटर, एवढंच. वाटेत अडलं तर बाटलीतलं पिण्याचं पाणी चालेल, पण घरी आल्यावर ते काढायचं.

पातळी सारखी खाली जात असेल तर गळती शोधा. एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याची काळजी नको. कुलंट रंगीत, बुळबुळीत आणि गोडसर वासाचं. सांडलेलं लगेच पुसा: त्यातलं ग्लायकॉल विषारी असतं आणि गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. माझं पातेलंही त्या दिवसापासून गॅरेजच्या फळीवरच आहे.

आता झाकणाबद्दल, आणि हे कृपया मनावर घ्या. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच. त्यावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तो दाबाचा. साधारण तेवढ्याच दाबामुळे कुकरमधलं पाणी 120 अंशांपर्यंत उकळत नाही. गरम गाडीचं झाकण उघडलं की तो दाब एका क्षणात जातो. 120 अंशांच्या एक लिटर पाण्यातून त्या क्षणी साठेक लिटर वाफ होते, आणि ती बाकीचं उकळतं पाणी तुमच्या तोंडावर फेकते. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. रेडिएटरला जोडलेला वरचा रबरी होज पाइप दाबून बघता येईल इतका गार झाला, की मगच झाकणाला हात लावा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

वाटेत काटा चढायला लागला तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर लावा. मे महिन्यात जीव नकोसा होतो, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता तो केबिनमध्ये आणून टाकतो. तरीही काटा लालकडे गेला तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. आणि चढलेला काटा अचानक खाली आला म्हणून हायसं वाटून घेऊ नका: कुलंट संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं सांगतो.

घरचं काम एका ठिकाणी थांबतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर थांबेना किंवा कुलंटमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिनामधलं सील, गेलं असं समजा आणि गाडी ढकलत किंवा टो करून न्या. चालवत नेली तर हेड वाकतं.

माझ्या गाडीत नवा थर्मोस्टॅट बसला, तोही आधी पातेल्यात उकळून. 82 ला हलला, 95 ला पूर्ण उघडला. मग इंजिन गार असताना कुलंट हळूहळू भरलं, झाकण उघडं ठेवून, हीटर लावून गाडी चालू केली. रेडिएटरच्या तोंडाशी आत अडकलेल्या हवेचे बुडबुडे येत राहिले, वरचा होज गार होता तो एकदम गरम झाला, पातळी झपकन खाली गेली. झडप उघडली होती. पुन्हा भरून झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलंटच्या टाकीतली पातळी बोटभर उतरलेली होती. तेवढं कुलंट टाकलं आणि टाकीवर मार्करने रेघ मारून तारीख लिहिली.