पार्श्वभूमी: ऑझी ऑस्बॉर्नचे दोन अल्बम आणि त्यांतून काढून टाकलेले बास-ड्रम

२२ जुलै २०२५ रोजी ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा मूळ गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला, तेव्हा तो ७६ वर्षांचा होता. त्याच्या सतरा दिवस आधी, ५ जुलैला, तो बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातल्या व्हिला पार्क मैदानात शेवटचं गायला. पार्किन्सन्समुळे उभं राहणं जमत नव्हतं, म्हणून काळ्या सिंहासनावर बसून. स्वतःच्या नावावरची पाच गाणी त्याने घेतली आणि त्यांतली चार एकाच अल्बममधली होती, १९८० च्या ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’मधली. त्यानंतर ब्लॅक सॅबथचे मूळ चौघे वीस वर्षांनी एकत्र उभे राहिले.

तो गेल्यावर हा अल्बम आणि त्याच्या पाठचा १९८१ चा ‘डायरी ऑफ अ मॅडमन’ अनेकांनी पुन्हा काढून ऐकला. पण ज्यांच्याकडे या अल्बमच्या २००२ सालच्या सीडी आहेत, त्यांना त्या सीडींवर मूळ वादन पूर्ण ऐकू येत नाही. आवाज ऑझीचाच आहे, गिटारही तीच आहे. बास गिटार आणि ड्रम मात्र दुसऱ्यांनी वाजवलेले आहेत, तेही दोन दशकांनंतर.

हे समजून घ्यायला सॅबथच्या काळातली एक गोष्ट आधी सांगायला हवी. ऑझीच्या आवाजाखाली काय वाजतं यावर त्याचं गाणं किती अवलंबून होतं, ते तिच्यातून दिसतं. त्या बँडने पहिल्यापासून तारा उतरवून वाजवलं, असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. १९७० चे पहिले दोन्ही अल्बम नेहमीच्या स्वरजुळणीत आहेत, म्हणजे गिटारची सर्वांत जाड तार पांढरी तीनला. १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये काही गाण्यांसाठी सगळ्याच तारा तीन अर्धस्वर खाली आल्या. पेटीच्या भाषेत जाड तार काळी एकला आली. कारखान्यातल्या अपघातात सॅबथच्या गिटारवादकाच्या दोन बोटांची टोकं तुटली होती. ती बोटं तो प्लॅस्टिक वितळवून केलेल्या टोप्या घालून तारेवर टेकवायचा, त्यामुळे त्याला तारा सैल हव्या होत्या. तार तीच ठेवून तीन अर्धस्वर उतरवलं की ताण मूळच्या सुमारे ७१ टक्क्यांवर येतो. बोटाला आराम मिळतो, पण तार पडद्यांवर खरखरते आणि जोरात छेडली की क्षणभर सूर चढतो. या सैल, जड नादावर ऑझी बऱ्याचदा गिटारचीच चाल गळ्याने गायचा. त्याचा आवाज वाद्यांवर तरंगत नाही, त्यांच्यात मिसळून जातो. म्हणून त्याच्या बाबतीत साथीदार बदलणं ही किरकोळ गोष्ट होत नाही.

१९७९ मध्ये सॅबथने त्याला काढलं. त्यानंतर जमलेल्या चौकडीत एक तरुण अमेरिकन गिटारवादक आणि दोन मुरलेले वादक होते, एक बासवर आणि एक ड्रमवर. वादाचं मूळ इथे, नावात आहे. वेष्टनावर गायकाचं नाव आणि ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ ही दोन्ही आहेत. बासवादकाचं म्हणणं कायम एकच राहिलं, की ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ हे अल्बमचं नव्हे, बँडचं नाव ठरलं होतं. बँड म्हटला तर चौघे भागीदार होतात. एकट्याचा अल्बम म्हटला तर बाकीचे तिघे मोबदल्यावर बोलावलेले वादक ठरतात. एका ओळीच्या या गोंधळातून पुढे अनेक वर्षं भांडण चाललं.

दुसरा अल्बम ध्वनिमुद्रित झाला आणि तो बाजारात येण्याआधीच बास-ड्रमवाल्या दोघांना काढलं गेलं. वेष्टनावर श्रेय नव्याने आलेल्या दोघांना मिळालं, ज्यांनी त्यावर एक ठोकाही वाजवलेला नव्हता. मार्च १९८२ मध्ये गिटारवादक विमान अपघातात गेला. १९८६ मध्ये आणि पुन्हा १९९८ मध्ये श्रेय आणि रॉयल्टीवरून प्रकरण न्यायालयात गेलं. नंतरचा दावा २००३ मध्ये फेटाळला गेला. तो चालू असतानाच, २००२ मध्ये, दोन्ही अल्बम नव्या बास-ड्रमसह पुन्हा काढण्यात आले. ही गायकाचीच इच्छा, असं तेव्हा व्यवस्थापनाकडून सांगितलं गेलं. पुढे स्वतः गायकाने हा निर्णय आपला नसल्याचं म्हटलं. कायद्याने हक्क कोणाचाही असो, हे करायला नको होतं.

यात तांत्रिकदृष्ट्या काय बिघडतं ते बारकाईने बघण्यासारखं आहे. अनेक ट्रॅकच्या टेपवर प्रत्येक वाद्य वेगळं असतं, म्हणून एखादं बंद करून दुसरं भरणं सोपं वाटतं. पण मेट्रोनोमशिवाय वाजवलेल्या गाण्याची लय घड्याळासारखी सरळ नसते. कडव्यातून ध्रुवपदात जाताना ड्रमर केसभर पुढे सरकतो, गिटार त्याच्याबरोबर सरकते आणि गायक त्या दोघांवर टेकतो. जुने ड्रम काढले तरी ते सरकणं गिटारमध्ये शिल्लक राहतं. नव्या ड्रमरला हेडफोनमध्ये जुनं ऐकून त्याचा पाठलाग करावा लागतो आणि पाठलाग करणारा नेहमी किंचित मागे राहतो. त्यात या गिटारवादकाची सवय अशी, की तो आपले सोलो एकावर एक तीनदा वाजवून जाड करायचा. तिन्ही फेऱ्यांत सूक्ष्म फरक राहतो आणि ते तिन्ही फरक मूळ ठोक्यांना धरून बसलेले असतात. खालचा ठोका बदलला की ते धरणं सुटतं. बासचंही तसंच आहे. मूळ बास पायाच्या ड्रमला टेकून नुसता खर्ज धरत नाही, गिटारच्या चालींमधल्या मोकळ्या जागा चालत्या सुरांनी भरतो. त्या जागा त्याने गिटारवादकासमोर बसून शोधल्या होत्या. २००२ मध्ये समोर उत्तर द्यायला तो गिटारवादक नव्हताच.

जुन्या नाट्यगीताच्या तबकडीतला तबला आणि ऑर्गन काढून आजचे भरले, तर गायकाची तान तीच राहूनही तिचा समेवर येण्याचा जीव जातो. इथेही तेच झालं.

ऐकणाऱ्यांनी ही आवृत्ती कधीच मनापासून स्वीकारली नाही. २०११ मध्ये, तिसाव्या वर्षाच्या निमित्ताने, मूळ बास आणि ड्रम परत आले. त्यानंतर मूळ ड्रमर आजारी असताना त्याने या अल्बमच्या प्लॅटिनम तबकड्या (मोठ्या विक्रीबद्दल मिळणारा सन्मान) घरी लावायला मागितल्या, आणि त्या त्याला पाठवण्यात आल्या. सप्टेंबर २०२० मध्ये तो गेला.

हातातली प्रत ओळखायची तर मागच्या बाजूचं साल बघावं. १९८० च्या दशकातल्या तबकड्या आणि कॅसेट, १९९५ च्या सीडी आणि २०११ पासूनच्या आवृत्त्या मूळ वादनाच्या आहेत. फक्त २००२ चं साल दिसलं तर ती बदललेली प्रत. जुन्या सीडीवरून संगणकावर उतरवलेल्या फाइलींत साल बऱ्याचदा चुकीचं असतं, तिथे कानावर भिस्त ठेवावी. ‘डायरी ऑफ अ मॅडमन’ गिटारने नव्हे, एकट्या ड्रमने उघडतो. तीन-तीनच्या गटांत ठोके धावत येतात आणि मग गिटार सुरू होते. खात्रीची मूळ प्रत शेजारी लावून तेवढे पहिले पाच सेकंद दोनदा ऐकावेत, ड्रमचा नाद आणि गिटार सुरू होण्याचा क्षण यांतून फरक कळतो.