थॉम्पसन द्राक्षाच्या मण्यात बी का भरत नाही?

गोडी छाटणीनंतर घड निघाले की निफाड-दिंडोरीच्या बागांमध्ये जीएच्या (जिबरेलिक आम्ल या संप्रेरकाच्या) द्रावणात एकेक घड बुडवायची लगबग सुरू होते. मणी फुगवणारी संप्रेरकं एरवी वाढती बीच पुरवते. थॉम्पसनमध्ये फलन होतं, बी धरतेही, पण अर्ध्यावर तिची वाढ खुंटते, म्हणून संप्रेरक बाहेरून द्यावं लागतं. मणी चावताना तिचा मऊ अंश कधी कधी दाताखाली येतो.

या सगळ्याच्या मुळाशी, द्राक्षाच्या जनुकसंचातल्या सुमारे ४८ कोटी ७० लाख अक्षरांपैकी (डीएनएची ए, टी, जी, सी ही अक्षरं) एकच बदललेलं अक्षर आहे. ते शोधून काढण्यात संगणकाचा वाटा फार मोठा.

द्राक्षाच्या एकाच वेलीत दोन पालकांकडून आलेल्या जनुकसंचाच्या प्रती एकमेकींपासून इतक्या वेगळ्या असतात, की तुकडे जुळवताना गोंधळ उडतो. म्हणून फ्रेंच-इटालियन गटाने पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागीकरण करून दोन्ही प्रती जवळपास सारख्या झालेली वेल निवडली आणि २००७ मध्ये तिच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध केला.

आता थॉम्पसनचा डीएनए यंत्रात घातला, की साधारण दीडशे अक्षरांचे कोट्यवधी तुकडे हाती येतात. प्रत्येक तुकडा आराखड्यात कुठे बसतो, हे पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळत बसलं तर काम संपायचंच नाही. म्हणून आधी आराखड्याची सूची करतात. ती करण्याची युक्ती बरोज आणि व्हीलर यांनी १९९४ मध्ये फाइल आकुंचित करण्यासाठी मांडली होती!

खरा कस लागतो तो पुढे. एकच जागा तीस तुकड्यांनी वाचली आणि एकातच वेगळं अक्षर दिसलं, तर बहुधा यंत्राची चूक. पंधराएक तुकड्यांत दिसलं, तर दोनपैकी एका प्रतीत खरोखर बदल आहे. पण असे खरे बदलही लाखो. बियांच्या आणि बिनबियांच्या अनेक जाती शेजारी ठेवून ते गाळावे लागतात. लाखो जागा तपासल्या की काही निव्वळ योगायोगानेही जुळतात, त्यामुळे निकष अतिशय कडक ठेवावा लागतो.

२०१८ मध्ये अठराव्या गुणसूत्रावरच्या ‘एजीएल११’ जनुकातला बदल नक्की झाला: त्याच्या प्रथिनात १९७व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी ल्युसिन. मूळ बिनबियांच्या जातीतूनच निपजलेल्या, पुन्हा बी धरणाऱ्या वेली तपासल्या, तर नेमक्या याच अक्षरात फरक निघाला. मला हा पुरावा सगळ्यात भक्कम वाटतो.

बदल एका प्रतीत असला तरी पुरतो. त्यामुळे नव्या संकराच्या रोपांना फळ धरायची वाट न बघता पानाच्या डीएनएवरूनच बियांची रोपं वगळता येतात, आणि उरलेल्यांपैकी केवडा रोगाला (डाऊनी मिल्ड्यूला) कोण दाद देत नाही, हे बघायला जागा मोकळी होते.