हातातल्या मैदानावर क्रिकेट का नव्हतं?

सोलापूरच्या नवी पेठेत मोबाइलच्या दुकानात गेलात तर कव्हर आणि चार्जरच्या गर्दीत कधीकधी एखादा छोटा गेम कन्सोल टांगलेला दिसतो. चिनी बनावटीचा, आत शेकडो जुने गेम भरलेले. त्यातले खेळांचे गेम चाळले की टेनिस, गोल्फ, बेसबॉल, आइस हॉकी, स्केटबोर्ड असं सगळं भेटतं. जुन्या हँडहेल्डवरच्या, म्हणजे हातात धरून खेळायच्या कन्सोलवरच्या, उत्तम स्पोर्ट्स गेमची यादी कुणीही केली तरी नावं साधारण हीच येतात. ज्या शहरात क्रिकेटपटू पॉली उम्रीगर लहानाचे मोठे झाले, त्या शहराला हवा असलेला खेळ मात्र त्या यादीत नसतो. असं का झालं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

हातात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक गेमची सुरुवातच मुळी खेळांनी झाली. अमेरिकेत मॅटेल कंपनीने १९७६ मध्ये 'ऑटो रेस' आणि १९७७ मध्ये 'फुटबॉल' काढला. फुटबॉल म्हणजे त्यांचा, अमेरिकी. खेळाडू म्हणून लाल दिव्यांच्या बारीक रेघा, त्यातली जास्त उजळ ती आपली. पास द्यायची सोयच नाही, नुसतं चुकवत पळायचं. तरी तो धो धो खपला. पुढे जपानमध्ये निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांना ट्रेनमध्ये कॅल्क्युलेटरशी चाळा करत बसलेला एक प्रवासी दिसला आणि त्यातून १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' आला. तोवर कॅल्क्युलेटरमुळे एलसीडी पडदे स्वस्त झाले होते. मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र उचलायचं आणि त्यातून नवी करमणूक काढायची, ही योकोईंची पद्धत.

निन्टेंडोचा १९८९ चा हँडहेल्ड गेम बॉय त्याच पद्धतीचा. १६० बाय १४४ ठिपक्यांचा पडदा, हिरवट रंगाच्या चार छटा, मागे दिवा नाही. त्याच वर्षी आलेला अटारीचा लिंक्स आणि पुढच्या वर्षीचा सेगाचा गेम गिअर रंगीत होते, त्यांना दिवाही होता. पण दोघांना सहा-सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते काही तासांत बसायचे. गेम बॉय चार सेलांवर कितीतरी जास्त चालायचा. बाजार त्यानेच मारला.

त्या पडद्याला एक खोड होती. त्यावर पळणारी वस्तू मागे सावली सोडायची, आणि वस्तू जितकी वेगवान तितकी ती पुसट व्हायची. म्हणून कुठला खेळ तिथे जमेल हे पडद्यानेच ठरवलं. गेम बॉयवरचा 'टेनिस' बघा. कोर्ट उभं, अख्खं एका पडद्यात मावणारं. खेळाडू दोनच. चेंडू इतका मोठा की सावलीतही हरवू नये. खुर्चीवर अंपायर म्हणून निन्टेंडोच्या गेममधला नायक मारिओ. एक बटण साध्या फटक्याला, दुसरं लॉबला, म्हणजे उंच फटक्याला, बाकी सगळं टायमिंग. केबलने दोन गेम बॉय जोडले की समोर खरा माणूस. पस्तीस वर्षं उलटली तरी हा गेम शिळा वाटत नाही, कारण त्यातून काढून टाकण्यासारखं काही उरलेलंच नाही. दिवा नसलेला हा पडदा उजेड परतवून दिसतो, त्यामुळे तो पाहायला सोलापूरच्या एप्रिलच्या उन्हाइतका चांगला उजेड नाही. संध्याकाळी मात्र 'काय बे, बॉल दिसतोय का?' असं विचारत ट्यूबलाइटखाली सरकावं लागायचं.

गोल्फ त्याहून चलाख. १९८४ मध्ये निन्टेंडोच्या घरगुती कन्सोलसाठी आलेल्या 'गोल्फ'चं प्रोग्रामिंग सातोरू इवाता यांनी केलं होतं, पुढे निन्टेंडोचे अध्यक्ष झाले तेच. बटण तीनदा दाबायचं: पहिल्यांदा पट्टी सुरू, दुसऱ्यांदा ताकद, तिसऱ्यांदा नेम. बस. ही रीत इतकी पक्की बसली की गोल्फचे गेम कित्येक वर्षं तिच्यावरच चालले. १९९९ मध्ये कॅमेलॉट या स्टुडिओने गेम बॉय कलरवर 'मारिओ गोल्फ' काढताना तिला एक कथा जोडली. आपण क्लबातला नवशिका पोरगा, सामने जिंकत अनुभव कमवायचा आणि आपली ताकद कुठे वाढवायची ते आपणच ठरवायचं. पुढच्या वर्षी याच धर्तीवर 'मारिओ टेनिस' आला, तो थेट टेनिस अकादमीत घडणारा. मला विचाराल तर या दोनांच्या तोडीचं त्या पिढीच्या हँडहेल्डवर दुसरं काही नाही. होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेत फिरलेल्या आणि गोल्फची काठी कधी हातात न धरलेल्या माणसालाही 'मारिओ गोल्फ' तासाभरात वाऱ्याचा हिशेब करायला लावतो.

मग क्रिकेट का नाही? यंत्राची कुवत नव्हती, हे उत्तर सोपं आहे पण टिकत नाही. गेम बॉयला एका आडव्या रेषेत दहाच हलती चित्रं दाखवता येत, हे खरं. पण एनईएस या निन्टेंडोच्या घरगुती कन्सोलची मर्यादा आठच होती, आणि तरी मेलबर्नच्या बीम सॉफ्टवेअरने १९९२ मध्ये त्यावर 'इंटरनॅशनल क्रिकेट' करून दाखवलं. ते ऑस्ट्रेलियापुरतं राहिलं. नऊ क्षेत्ररक्षकांचा बेसबॉल तर निन्टेंडोने गेम बॉयसोबतच आणला होता. खरी गोष्ट बाजाराची. गेम ठरायचे जपान आणि अमेरिकेत, आणि या दोन्ही देशांना क्रिकेटशी देणंघेणं नव्हतं.

आणि ज्यांना होतं ते आपण गिऱ्हाईक म्हणून त्यांच्या वहीत नव्हतो. ग्राहक वस्तूंच्या आयातीवरचे परिमाणात्मक निर्बंध, म्हणजे किती माल आणायचा यावरची बंधनं, आपल्याकडे पूर्णपणे उठले ते १ एप्रिल २००१ ला. त्याआधी गेम बॉय यायचा तो कुणाच्या तरी आखातातल्या काकांच्या बॅगेतून. गिरण्या बंद पडत होत्या त्या काळातल्या सोलापुरात तो विकत घेणार कोण? पोरांच्या हाती आला तो '९९९९ इन १' लिहिलेला ब्रिक गेम. दहा बाय वीस चौकटी, त्यात ठोकळे, रणगाडे आणि गाड्यांची शर्यत. स्पोर्ट्स म्हणायचं तर ती शर्यतच. लोडशेडिंगच्या रात्री तोही निरुपयोगी, मेणबत्तीजवळ धरावा लागायचा.

पुढचं झपाट्याने झालं. २००१ मध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्स आला आणि त्यावरचं स्केटबोर्डचं 'टोनी हॉक्स प्रो स्केटर २' पाहून लोक चाट पडले. २००३ च्या एसपी मॉडेलला अखेर दिवा मिळाला, सेलही चार्ज करायचे झाले. त्याच वर्षी नोकियाने फोन आणि गेम एकत्र करून एन-गेज काढला. त्यात गेम बदलायला बॅटरी काढावी लागायची, म्हणजे तो कसा चालला असेल ते समजून घ्या. मग सोनीचा हँडहेल्ड पीएसपी आला आणि त्यावर २००७ मध्ये 'ब्रायन लारा २००७ प्रेशर प्ले'. नावाजलेल्या हँडहेल्डवर नीटसं क्रिकेट शेवटी आलं ते असं. मुंबईच्या ट्राइन गेम्सने त्याच यंत्रासाठी 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' केलं, गल्लीतलं.

पण तोवर गल्लीने आपली सोय लावून घेतली होती. नोकियाच्या काही स्वस्त फोनांत 'क्रिकेट कप' नावाचा गेम आधीच भरलेला यायचा. साध्या फोनांतल्या 'जावा' सॉफ्टवेअरवर चालणारे क्रिकेटचे गेम दहा-वीस रुपयांत मेमरी कार्डावर भरून मिळायचे, किंवा ब्लूटूथने फुकट. वेगळा कन्सोल घ्यायचं कारणच उरलं नाही. जुन्या उत्तम गेमच्या याद्या कन्सोलच्या असतात, फोनातल्या या गेमना त्यांत जागा नसते.

आज टांगलेल्या त्या चिनी यंत्रांतले गेम बहुतेक विनापरवाना भरलेले असतात, आणि त्यांची निवडही कुणी फार विचारपूर्वक केलेली नसते. एकच 'टेनिस' तीन नावांनी सापडतं. घ्यायचंच झालं तर दुकानातच चालू करून गेम बॉय कलरचे गेम चालतात का ते बघा, कारण स्वस्तातल्या पुष्कळ यंत्रांत फक्त एनईएसचेच असतात. 'मारिओ गोल्फ' मिळालं तर तेच आधी लावा.