आजारपणाचा दाखला: पार्श्वभूमी

‘मेडिकल टाकली’ असे आपण सहज म्हणतो, पण त्या रजेला जोडायचा डॉक्टरांचा कागद भारतातल्या कामगारासाठी हक्काचा कागद होण्यास फार वर्षे लागली. सरकारी नोकराला वैद्यकीय दाखल्यावर रजा देण्याची तरतूद १९२२च्या मूलभूत नियमांतही होती. गिरणी-कारखान्यातल्या माणसाचा मात्र खाडा पडला की मजुरी बुडत असे, मग घरी बसण्याचे कारण हिवताप का असेना.

१९३१च्या अहवालात व्हिटले आयोगाने (ब्रिटिश सरकारने नेमलेल्या मजूर आयोगाने) कामगारांच्या आजारविम्याचा आग्रह धरला. प्रत्यक्ष योजना आखण्याचे काम १९४३ साली प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे आले, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांभाळत होते. अदारकरांचा अहवाल १९४४ साली आला, १९४८ साली राज्य कामगार विमा कायदा झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली आणि १९५४ साली ती आजच्या महाराष्ट्रात पोचली.

या कायद्याने आजारपणाचा पुरावा मालकाच्या मर्जीतून काढून नेमलेल्या डॉक्टरच्या हाती दिला, आणि माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे काम हेच. दाखला मिळाला की विमा महामंडळाकडून रोख लाभ मिळू लागला (आज तो मजुरीच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत आहे), आणि हा लाभ चालू असताना कामगाराला कामावरून काढण्यास कलम ७३ने मनाई केली. पण या कायद्याखालच्या १९५०च्या विनियमांनी त्याच हक्काभोवती पहारा बसवला. पहिला दाखला, मग साधारणपणे दर सात दिवसांनी मधला, शेवटी कामावर रुजू होण्यास योग्य असल्याचा. दुखणे लांबले तर चार आठवड्यांपर्यंतचा खास दाखला. शंका आली तर वैद्यकीय निर्देशकाकडून, म्हणजे महामंडळाने नेमलेल्या दुसऱ्या डॉक्टरकडून फेरतपासणी. आणि नव्या आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा लाभ तर खुद्द कायद्यानेच नाकारला. खोट्या दाखल्यांना आळा घालायलाच हवा होता, हे मान्य. तरी अंगात ताप असताना दवाखान्याच्या बाकावर तासन्‌तास बसण्याचा भार आजाऱ्यावरच पडला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

महाराष्ट्राच्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १९८१चे रजा नियम आहेत. वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते; दाखला जोडून ती पूर्ण पगारी, म्हणजे परिवर्तित करून घेतली, की खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. खासगी दुकाने व आस्थापनांसाठीच्या राज्याच्या २०१७च्या कायद्यात आठ दिवसांची नैमित्तिक रजा आहे, आजारपणाची वेगळी रजा नाही.

डॉक्टरांवरची बंधने भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या विनियमांत नेमकी लिहिलेली आहेत. दिलेल्या दाखल्यांची नोंदवही ठेवायची, प्रत जपायची, रुग्णाची सही किंवा अंगठा घ्यायचा आणि अंगावरची किमान एक ओळखखूण टिपायची. ‘उजव्या भुवईवर तीळ’ अशी ओळ दाखल्यावर दिसते ती यामुळेच. त्याच विनियमांना जोडलेल्या दाखल्याच्या नमुन्यात आजाराचे नाव लिहिण्यासाठीही रिकामी जागा सोडलेली आहे. क्षयरोग असो वा मानसिक आजार, ते नाव अर्जाला टाचून आस्थापना शाखेच्या टेबलावर जाते, आणि ते कोणी कोणी वाचावे हे ठरवणे आजाऱ्याच्या हाती राहत नाही.