डिस्ट्रो की डेस्कटॉप? लिनक्सबद्दलची तक्रार नेमकी कोणाबद्दल असते

"उबंटू फार जड झालंय." "मिंट अगदी विंडोजसारखं आहे, तेच टाक." "फेडोरात काही सापडतच नाही." "डेबियन दिसायला किती जुनाट!"

विंडोजऐवजी टाकता येणारी लिनक्स ही सिस्टीम वापरणाऱ्या चार माणसांना विचारा, अशी चार मतं मिळतील. चारही अनुभवातून आलेली असतात आणि प्रामाणिक असतात. अडचण अशी की मत एका गोष्टीबद्दल असतं आणि नाव दुसऱ्याच गोष्टीचं घेतलं जातं. नाव घेतात डिस्ट्रोचं (उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन या लिनक्सच्या तयार आवृत्त्या), तक्रार असते डेस्कटॉपची, म्हणजे पडद्यावरच्या मांडणीची. कधीकधी उलटंही होतं. हा फरक कळला नाही तर माणूस दर महिन्याला पेनड्राइव्ह तयार करून अख्खी सिस्टीम पुसत बसतो, आणि शेवटी "लिनक्स आपल्यासाठी नाही" म्हणून सोडून देतो. असे लोक मी जवळून पाहिलेत आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्यातल्या बहुतेकांचा प्रश्न अर्ध्या तासात सुटण्यासारखा होता.

आता हा विषय पुन्हा निघायचं कारणही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे घरोघरी असे लॅपटॉप आहेत की जे उत्तम चालतात, पण विंडोजच्या दारातून आत जाऊ शकत नाहीत. मग "कोणतं लिनक्स टाकू?" असा फोन येतो.

माझ्या मामांचा असाच आला होता. मामा मिरजेला असतात, शिक्षक म्हणून निवृत्त झाले, आणि गल्लीतल्या वाचनालयाचं काम बघतात. सभेचं इतिवृत्त, देणगीदारांना पत्रं, नव्या पुस्तकांची यादी, सगळं मराठीत स्वतः टाइप करतात. लॅपटॉप दहा वर्षांचा, ४ जीबी रॅमचा. मी त्यात हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि डेबियन १२ टाकून दिलं. आठ दिवसांनी फोन.

"अरे, हे डेबियन काही माझ्या कामाचं नाही. विंडो खाली ठेवायचं बटणच दिलेलं नाही. आणि डेस्कटॉपवर फाइल ठेवतो ती दिसतच नाही. दुसरं काहीतरी टाकून दे बाबा."

मामांच्या दोन्ही तक्रारी शंभर टक्के खऱ्या होत्या. फक्त त्या डेबियनबद्दल नव्हत्या.

डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा कर्नल (सिस्टीमचा गाभा), त्यावरची शेकडो साधनं, हजारो प्रोग्रॅमचं भांडार आणि ते सगळं वेळच्या वेळी तपासून, दुरुस्त करून तुमच्यापर्यंत पोचवणारी माणसं. डेबियन १९९३ पासून हे काम करतंय, उबंटू २००४ पासून, मिंट २००६ पासून. अपडेट कधी येणार, किती वर्षं येणार, प्रोग्रॅम कुठून उतरवायचा, वायफायच्या चिपचं फर्मवेअर (ती चालवणारं सॉफ्टवेअर) सोबत मिळणार की नाही, कर्नल किती नवा, हे सगळं डिस्ट्रो ठरवते.

डेस्कटॉप म्हणजे लॉगिन केल्यावर डोळ्यांसमोर जे येतं ते. पट्टी वर की खाली, मेनू कसा उघडतो, विंडोला किती बटणं, फाइल कॉपी करताना कोणती खिडकी येते, ब्राइटनेस कुठून कमी करायचा. केडीई १९९६ मध्ये सुरू झालं, ग्नोम १९९७ मध्ये; शिवाय एक्सएफसीई, सिनॅमन, मेट, एलएक्सक्यूटी. हे वेगवेगळ्या लोकांचे वेगवेगळे प्रकल्प आहेत. एकच ग्नोम डेबियनवर, फेडोरावर, उबंटूवर चालतं. आणि एकाच डेबियनवर हे सगळे डेस्कटॉप बसवता येतात.

डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये हे अगदी उघडपणे समोर येतं. शेवटाकडे एक साधी यादी दिसते: ग्नोम, एक्सएफसीई, ग्नोम फ्लॅशबॅक, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, मेट, एलएक्सडीई, एलएक्सक्यूटी. आठ चौकोन. ज्याला यातलं काही माहीत नाही तो 'पुढे' दाबतो आणि त्याला ग्नोम मिळतं. मीही मामांसाठी तेच केलं होतं. ग्नोममध्ये मुळात विंडोला फक्त बंद करायचं बटण असतं, आणि डेस्कटॉपवर फाइलींची चित्रं दिसत नाहीत. ते त्यांनी विचार करून तसं ठेवलेलं आहे आणि ज्यांना सवय झाली त्यांना ते फार आवडतं. पण वीस वर्षं खाली पट्टी आणि उजवीकडे तीन बटणं पाहिलेल्या माणसाला ते हरवल्यासारखं होणारच.

मी मिरजेला गेलो, मामांच्याच डेबियनवर सिनॅमन उतरवून घेतलं आणि लॉगआउट केलं. लॉगिनच्या पडद्यावर मामांच्या नावावर क्लिक केलं की पासवर्डचा चौकोन येतो, आणि उजव्या कोपऱ्यात खाली दातेरी चाकाचं एक लहानसं चिन्ह. त्यावर दाबल्यावर यादी उघडली, त्यात सिनॅमन निवडलं, पासवर्ड टाकला. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, विंडोला तीन बटणं, आणि डेस्कटॉपवर मामांची 'इतिवृत्त जून' ही फाइल, जी आठ दिवस तिथेच होती.

एकच गोष्ट पुन्हा करावी लागली: मराठी कीबोर्ड. मामा इनस्क्रिप्टने टाइप करतात. ग्नोममध्ये तो मी बसवून दिला होता, पण सिनॅमनमध्ये कीबोर्डची यादी वेगळी, इंग्रजी-मराठी अदलाबदलीची कळही वेगळी. म्हणजे कीबोर्डची ही मांडणी डेस्कटॉपच्या बाजूची. अक्षरं मात्र आधीसारखीच सुबक दिसत होती, कारण लोहित आणि नोटो हे देवनागरी फाँट डिस्ट्रोच्या भांडारातून आलेले असतात आणि कुठल्याही डेस्कटॉपला सारखेच मिळतात. "लिनक्सवर मराठी नीट येत नाही" असं कोणी म्हणालं तर मी आधी विचारतो: अक्षरं तुटतायत की टाइप होत नाहीये? पहिल्याचं उत्तर बहुधा फाँटमध्ये मिळतं, दुसऱ्याचं बहुतेक वेळा डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये.

या घोळाचं मूळ शोधायचं तर २०११ मध्ये जावं लागतं. त्याआधी उबंटूवर ग्नोम २ असायचं, दिसायला साधं, वर-खाली दोन पट्ट्या. त्या वर्षी एप्रिलमध्ये ग्नोम ३ आलं आणि सगळी मांडणीच बदलली. त्याच महिन्यात उबंटू ११.०४ ने आपला स्वतःचा युनिटी हा डेस्कटॉप सगळ्यांसमोर ठेवला. डावीकडे चिन्हांची उभी पट्टी, वर शोधायची जागा. लोक प्रचंड चिडले. आणि चिडून त्यांनी काय सोडलं? उबंटू. खरं तर खालचं उबंटू तेच होतं, आणि झुबंटू किंवा कुबंटू टाकलं असतं तर तेच भांडार, तीच अपडेट्स, फक्त डेस्कटॉप एक्सएफसीई किंवा केडीई. पण लोकांच्या मनात उबंटू म्हणजे ती डावीकडची पट्टी असं समीकरण बसलं.

काहींनी मात्र दुखणं नेमकं ओळखलं. अर्जेंटिनातल्या एका आर्च लिनक्स वापरणाऱ्याने ग्नोम २ चा कोड उचलून मेट सुरू केलं, नाव दिलं तिकडच्या येर्बा माते या पेयावरून. मिंटच्या मंडळींनी ग्नोम ३ चं कवच घेऊन त्यावर जुन्या वळणाचं सिनॅमन उभं केलं, आणि २०१२ च्या मिंट १३ मध्ये मेट आणि सिनॅमन दोन्ही दिले. या लोकांना डिस्ट्रो नकोशी झाली नव्हती, हातात बसलेली मांडणी परत हवी होती. तक्रार योग्य दारावर गेली की त्यातून केवढं काम उभं राहतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

स्वतः लिनस टोरवाल्ड्स यांचं बघा. केडीई ४ पटलं नाही म्हणून ते ग्नोमकडे आले. २०११ मध्ये ग्नोम ३ वर जाहीर टीका करून एक्सएफसीईकडे गेले. २०१३ मध्ये पुन्हा ग्नोमवर परतले. एवढ्या उलथापालथीत त्यांची नेहमीची डिस्ट्रो फेडोराच राहिली. ज्याने कर्नल लिहिला त्याला डेस्कटॉप आवडला नाही तेव्हा त्याने डेस्कटॉप बदलला.

मग डिस्ट्रोबद्दलच्या खऱ्या तक्रारी कोणत्या? स्नॅप, म्हणजे प्रोग्रॅम पोचवायची उबंटूची वेगळी पद्धत, तिची तक्रार ही तशी. उबंटू २१.१० पासून फायरफॉक्स स्नॅप या पद्धतीने येतो, आणि पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो असं अनेकांचं म्हणणं. यावर कोणी "मग झुबंटू घे" असा सल्ला दिला तर तो चुकीचा आहे. तिथेही डेस्कटॉपच बदलेल, फायरफॉक्स स्नॅपमधूनच येईल. मिंटने मात्र २०२० मध्ये मिंट २० पासून स्नॅप मुळातच बंद ठेवलं. स्नॅपचा मनापासून त्रास होत असेल तर मिंट हे उत्तर बरोबर आहे. आणि ते मिंट विंडोजसारखं दिसतं म्हणून बरोबर ठरत नाही, तिथल्या लोकांनी भांडाराबद्दल वेगळा निर्णय घेतला म्हणून ठरतं.

तसंच अपडेटच्या काळाचं. उबंटूची एलटीएस (दीर्घकाळ सांभाळली जाणारी) आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं सांभाळली जाते. मधल्या आवृत्त्या फक्त नऊ महिने. फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिने. "फेडोरात सारखं अपग्रेड करावं लागतं" हे मत म्हणूनच थेट फेडोराबद्दलचं आहे. केडीई लावा की ग्नोम, ते बदलणार नाही. वडीलधाऱ्या माणसाचा लॅपटॉप असेल तर मी या एका मुद्द्यावर सगळ्यात जास्त भर देतो. डेस्कटॉप नंतर हवा तेव्हा बदलता येतो. दर वर्षी अपग्रेड करून द्यायला कोणीतरी गावाला जाणार आहे का, याचं उत्तर आधी लागतं.

"जड आहे" ही तक्रार मधोमध पडते. एक्सएफसीई ग्नोमपेक्षा काहीशे एमबी रॅम कमी खातं, हे खरं. ४ जीबीच्या मशीनवर ते जाणवतंही. पण ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की तो फरक वाहून जातो. आणि जुन्या लॅपटॉपमधली फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर जो वेग येतो, तो कुठलीही डिस्ट्रो किंवा डेस्कटॉप बदलून येत नाही. आधी डिस्क बदला, मग मत बनवा, असं मी हट्टाने सांगतो.

दोन्हींमधली भिंत पक्की आहे असं मात्र मी म्हणणार नाही. उबंटूचं ग्नोम हे मूळ ग्नोम नाही. त्यांनी डावीकडे पट्टी जोडली आहे, विंडोला बटणं परत दिली आहेत, डेस्कटॉपवर फाइली दाखवल्या आहेत. म्हणजे मामांना मी डेबियनऐवजी उबंटू टाकून दिलं असतं तर त्यांनी तो फोन केलाच नसता, आणि त्यांचं मत "उबंटू चांगलं, डेबियन वाईट" असं पक्कं झालं असतं. मिंट तर सिनॅमन स्वतःच घडवतं, त्यामुळे तिथे दोन्ही एकजीव वाटतात. आणि युनिटीच्या काळात, २०१२ च्या उबंटू १२.१० पासून, कॉम्प्युटरवर फाइल शोधताना ॲमेझॉनवरच्या वस्तूही दिसायला लागल्या. त्यावर मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी कडक टीका केली. ती गोष्ट दिसत होती डेस्कटॉपवर, पण निर्णय डिस्ट्रो चालवणाऱ्या कंपनीचा होता. तिथे विश्वास उडाला म्हणून ज्यांनी उबंटूच सोडलं, त्यांना मी चूक म्हणणार नाही.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. एकावर दुसरा डेस्कटॉप चढवला की मेनूत दोन-दोन फाइल मॅनेजर, दोन टेक्स्ट एडिटर दिसायला लागतात. कोणता डेस्कटॉप आवडतो हे एकदा ठरलं की तो आधीपासून असलेली आवृत्ती स्वच्छ टाकणं चांगलं. ठरेपर्यंत लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालू करून बघा. डेस्कटॉप कसा वाटतो आणि वायफाय-प्रिंटर चालतात का, हे काही न पुसता तासाभरात कळतं. डिस्ट्रो सांभाळायला कशी आहे हे मात्र सहा महिने वापरल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे "दोन दिवस वापरलं, बेकार आहे" हे मत मी डेस्कटॉपच्या खात्यात टाकतो. मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स आणि लिब्रेऑफिस (पत्रं, तक्ते करायचं सॉफ्टवेअर) यांचे धडे मराठी आवाजात आहेत. मामांनी लिब्रेऑफिस तिथूनच पक्कं केलं.

पुढे मामांच्या वाचनालयातल्या एका सहकाऱ्यांनी मामांसारखंच करून मागितलं. त्यांचा लॅपटॉप नवा होता. डेबियन १२, सिनॅमन, सगळं तसंच बसवलं, पण वायफायच दिसेना. डेबियन १२ चा कर्नल ६.१, लॅपटॉपमधली चिप त्यानंतर बाजारात आलेली. इथे डेस्कटॉप बदलून काही उपयोग नव्हता. मिंट २२ चा पेनड्राइव्ह लावला, त्यात कर्नल ६.८, वायफाय लगेच दिसलं. तेच टाकून दिलं. आता वाचनालयाच्या लांब टेबलावर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी असतात. दोन्हींवर खाली पट्टी, डावीकडे मेनू, तोच इनस्क्रिप्ट. मामा सहकाऱ्यांना प्रिंट काढायला शिकवतात तेव्हा एकावर दाखवतात, दुसऱ्यावर ते जसंच्या तसं करतात. खाली एकात डेबियन आहे आणि दुसऱ्यात मिंट, हे मी त्यांना सांगितलं आणि मामांनी ते वहीत लिहून ठेवलंय, पुढच्या अपडेटच्या वेळी लागेल म्हणून.